चीफ सारिनोचं पहिलं नाव

१

चीफ सारिनोच्या थडग्यावर कोणीतरी चिकटपट्टी लावली होती.

रविवारची सकाळ होती. लूझच्या हातात पांढरी फुलं, माझ्या हातात केळीच्या पानात बांधलेला गोड भात. टेकडीवरच्या त्या लष्करी दफनभूमीत सगळे दगड एकसारखे, त्यामुळे आम्ही दोनदा पुढे निघून गेलो. मग लूझ थबकली. "तीता फेमी, बाबांचं नाव कुठं गेलं?"

नाव होतं, म्हणजे आडनाव होतं. सारिनो. त्याखाली हुद्दा, तारखा, वर क्रूस, सगळं जागच्या जागी. फक्त 'सिल्वेस्त्रे' या पहिल्या नावावर दवाखान्यात वापरतात तसली रुंद पांढरी कापडी पट्टी होती.

लूझ पट्टी ओरबाडायला निघाली. मी तिचा हात धरला. मला आधी बघायचं होतं. पट्टीचे कोपरे कात्रीनं गोल केले होते, उचकटू नयेत म्हणून. मधे एकही सुरकुती नव्हती. राग आलेला माणूस रंग फासतो, दगड मारतो. इथं कोणीतरी गुडघ्यावर बसून, मन लावून, जखमेला लावावी तशी ही पट्टी लावली होती.

मी युफेमिया दाकानाय, आळीतल्या पोरांची तीता, म्हणजे मावशी. आम्ही फिलिपिनो लोक अमेरिकेतल्या या नॅशनल सिटीत पिढ्यान्पिढ्या अमेरिकन नौदलाच्या आधारानं राहतो. आमच्यात कोणी गेलं की प्रार्थना सांगायला मला बोलावतात. नऊ दिवसांची जपमाळ, मग चाळिसावा, मग वर्षश्राद्ध. मेलेल्याच्या घरी ओळीनं नऊ संध्याकाळी बसलं की कोण रडतं, कोण रडल्यासारखं करतं आणि कोण मधूनच उठून फ्रीज उघडून बघतं, सगळं कळतं. माझा नवरा, देव त्याला शांती देवो, नौदलात अधिकाऱ्यांच्या जेवणघरात वाढपी होता. चीफही वाढपी म्हणूनच शिरला आणि चढत चढत चीफच्या हुद्द्यावर गेला. साध्या माणसाला हे जमत नाही, म्हणून सगळी आळी त्याला मरेपर्यंत 'चीफ'च म्हणत आली.

लूझ ही त्याची मुलगी. नर्स आहे, तोंडाची फटकळ, पण मनानं बरी. गेला महिनाभर ती बापाचं चरित्र जुळवत होती. शुक्रवारी चाळिसावा होता, त्या दिवशी आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये ते सगळ्यांसमोर वाचायचं होतं. भरती झाल्यापासूनचं सगळं तिला मिळालं होतं, जहाजं, बंदरं, बढत्या. त्याआधीचं मात्र कोणी काही सांगेना. जणू बाप फिलिपिन्समधल्या काविते प्रांतात जन्मलाच नव्हता, एकदम गणवेश घालून जहाजावर उगवला होता.

"हे गौदेन्सियोचं काम आहे, नाहीतर रुपर्टचं," लूझ म्हणाली. गौदेन्सियो मंडळातला, चीफशी एकदा भांडलेला; रुपर्ट तिचा सख्खा भाऊ. "तुम्हाला सगळ्यांची कुलंगडी माहीत असतात. शुक्रवारच्या आत मला शोधून द्या. मी त्या माणसाचं नाव हॉलमध्ये घेणार आहे."

आमच्या मागे चीफचा थोरला भाऊ, लेओन, हॅट छातीशी धरून उभा होता. पुरं नाव पान्तालेओन. अंत्यविधीसाठी कावितेहून आला होता आणि चाळिसावा होईपर्यंत लूझकडेच राहणार होता. तो खाली खाडीत उभ्या असलेल्या जहाजांकडे बघत राहिला.

पट्टी मी अलगद सोडवून पर्समध्ये ठेवली. घरी परतल्यावर लूझ चहा टाकायला लागली आणि मी चमचा शोधताना भलताच खण उघडला. खणात तसल्याच पट्टीचं रीळ होतं. माझ्याजवळच्या पट्टीची कोपऱ्यांमधली वाकडी कापलेली कड त्या रिळाच्या टोकाशी तंतोतंत जुळली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. लावणारा माणूस याच घरात येत-जात होता.

२

लूझला मी लगेच काही बोलले नाही. नर्सच्या घरातून पट्टी कोणीही उचलू शकतो. नऊ दिवस अर्धी नॅशनल सिटी त्या स्वयंपाकघरात जेवून गेली होती.

गौदेन्सियो मंडळाच्या हॉलमध्ये माजाँग खेळत बसला होता. हा चीफचा जुना साथीदार, त्याला 'सिल्वेस्त्रे' म्हणून हाक मारणारा आळीतला एकटाच. दोघं एकाच तुकडीत भरती झाले, एकाच बोटीनं आले. माझा नवराही त्याच तुकडीतला. मंडळाच्या अध्यक्षपदावरून चीफचं आणि याचं मधे वाजलं होतं, पण शेवटच्या आजारात हाच रोज दवाखान्यात जाऊन बसायचा. त्या दोघांचं नातं म्हणजे तुझं माझं जमेना आणि तुझ्यावाचून करमेना.

मी शेजारची खुर्ची ओढून बसले आणि सांगितलं की चीफच्या दगडावरचं नाव कोणीतरी झाकलंय. टेबलावरचे बाकी म्हातारे 'अरेरे' म्हणाले. गौदेन्सियोनं डोकंही वर केलं नाही. त्यानं फक्त विचारलं, "आडनावासकट?"

"नाही. फक्त पहिलं."

त्याच्या हातातली सोंगटी खाली पडली. नुसती पडली नाही, त्यानं ती टाकली, आणि त्या डावात ती टाकायची नव्हती. समोरच्यानं हसत डाव उचलला. गौदेन्सियोला हरल्याचं कळलंच नाही. मग तो म्हणाला की पोरांचा वात्रटपणा असेल, फेमी, तू जपमाळ ओढ, हे पोलिसांचे उद्योग तुला कशाला. बाकीचे म्हातारेही एकदम माना डोलवायला लागले. इतकी एकी मी त्यांच्यात मंडळाच्या निवडणुकीतसुद्धा पाहिली नव्हती.

पट्टी लावणारा हा नव्हता. पण ती का लावली, ते त्याला माझ्या एका वाक्यावरून कळलं होतं. मला मात्र ओ की ठो कळत नव्हतं, आणि त्याचाच जास्त राग आला.

३

रुपर्ट गाड्यांच्या सीटला कव्हरं शिवतो. बापानं त्याला घराबाहेर काढून बरीच वर्षं झाली. का काढलं, यावर आळीत सात-आठ कहाण्या होत्या. अंत्यविधीला तो आला, शेवटच्या रांगेत बसला आणि न जेवता गेला.

दुकानात त्यानं मला लोखंडी स्टूल दिलं आणि माझ्या आधी स्वतःच म्हणाला, "तीता, तुम्हाला ताईनं पाठवलंय. मी नाही केलं. करायचं असतं तर सगळा दगड झाकला असता."

मी म्हटलं, माझाही तोच हिशेब आहे, पण भांडण कशावरून झालं तेवढं सांग. तो शिवणयंत्राची दोरी गुंडाळू लागला. मग त्यानं सांगितलं ते आळीतल्या एकाही कहाणीत नव्हतं.

त्याला मुलगा झाला तेव्हा त्यानं आमच्या रीतीप्रमाणं आजोबांचं नाव ठेवायचं ठरवलं. बाप्तिस्म्याच्या दिवशी सगळे जमले, पाद्री आले. नाव ऐकताच चीफ उभा राहिला आणि भर चर्चमध्ये म्हणाला की हे नाव पोराला द्यायचं नाही. रुपर्टला वाटलं बाप थट्टा करतोय. चीफनं त्याच्या थोबाडीत मारली.

"माझ्या मुलाला स्वतःचं नाव द्यायला त्यांना लाज वाटली," रुपर्ट म्हणाला. "मी एवढा नालायक होतो का हो?"

 मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. 

निघताना मी सहज विचारलं की वाढदिवसाला तरी बापाला फोन करायचास की नाही. तो कडवट हसला. "कुठला वाढदिवस? एकतीस डिसेंबरला घरात मोठं जेवण असायचं, पण लांब शेवयांच्या पान्सितला ते हात लावायचे नाहीत. पोटात वायू होतो म्हणे. एकदा मी प्रेमानं ताटात वाढलं तर ताट ढकलून दिलं. आणि जुलै महिन्यात मात्र एक दिवस स्वतः करायचे, एकटे बसून वाडगाभर खायचे. तेव्हा वायू होत नसे."

"जुलैमध्ये कधी?"

"सत्तावीस. तीयोचा, म्हणजे लेओनकाकांचा, वाढदिवस. भावावर फार जीव, म्हणून खातो म्हणायचे."

मी बसस्टॉपवर येऊन बसले आणि दोन बस सोडल्या.

आमच्या जुन्या लोकांत पोर ज्या संताच्या दिवशी जन्मेल त्याचं नाव लावतात. सिल्वेस्त्रे संताचा दिवस एकतीस डिसेंबर, पान्तालेओन संताचा सत्तावीस जुलै. तिथवर सगळं ठीक होतं. पण वाढदिवसाच्या लांब शेवया म्हणजे ज्याचा वाढदिवस त्याचं आयुष्य. त्या तोडायच्या नसतात, आणि ज्याच्यासाठी केल्या त्यानं त्या नाकारायच्या तर मुळीच नसतात. भावाच्या प्रेमापोटी भावाच्या शेवया खाणारा माणूस मी समजू शकते. स्वतःच्या शेवया आयुष्यभर ताटातून ढकलणारा माणूस मात्र कोणाच्या डोक्यात बसेल?

मग मला शवपेटीजवळचा एक प्रसंग आठवला.

पहिल्या दिवशी लेओन विमानतळावरून थेट आला होता. प्रवासाची सुरकुतलेली पँट, हातात प्लास्टिकची पिशवी. तो पेटीपाशी गेला, वाकला, आणि भावाचा गार हात उचलून त्यानं स्वतःच्या कपाळाला लावला. बायका रडल्या. मीही रडले. दुःखात माणसाला भान राहत नाही, असं मी मनाशी म्हटलं.

पण हात कपाळाला लावतो तो धाकटा. थोरला हात पुढे करतो. हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. माणूस झोपेतसुद्धा यात चुकत नाही. आणि हा चीफचा थोरला भाऊ गेल्याच आठवड्यात शिडी लावून लूझच्या छपराचे पन्हळ साफ करत होता. कावितेची हवा चांगली, असं म्हणून आम्ही सगळे हसलो होतो. आता आमच्याच अकलेवर हसायची पाळी होती.

मी तशीच लूझच्या घरी गेले. ती कामावर गेली होती. मागच्या अंगणात लेओन शेवग्याची पानं ओरबाडून टोपलीत टाकत बसला होता, पाठ माझ्याकडे होती. मी कुंपणाशी उभी राहिले आणि मोठ्यानं हाक मारली.

"सिल्वेस्त्रे!"

त्यानं ओ दिली.

४

मग तो हळूच वळला. घाबरला नाही. टोपली बाजूला ठेवून त्यानं माझ्यासाठी खुर्ची पुसली. "या नावानं मला हाक मारणारं शेवटचं माणूस आई होती," तो म्हणाला. "तीसुद्धा दार लावून मारायची."

मी विचारलं, पट्टी तूच लावलीस ना? त्यानं मान हलवली. बसनं गेला होता म्हणे. दोन ठिकाणी बस बदलून.

बाकीचं त्यानं पानं ओरबाडता ओरबाडता सांगितलं. हात रिकामे असते तर त्याला बोलता आलं नसतं, असं मला वाटतं.

बाप लवकर गेला. थोरल्या पान्तालेओननं या धाकट्याला वाढवलं, शाळेत घातलं. अमेरिकन नौदलाची भरती कावितेत व्हायची. गावोगावची पोरं परीक्षेला बसायची, निवडली जायची अगदी मोजकी. हा निवडला गेला. भरतीला पोर अविवाहित लागायचं आणि कोवळ्या वयाचं. थोरला दोन्हींत बसत नव्हता. वय उलटलं होतं, लग्न झालं होतं, अपोलोनिया नावाची बायको होती आणि ती पोटुशी होती.

हजर व्हायच्या आदल्या आठवड्यात थोरला याला म्हणाला की बातांगासच्या मावशीकडे गावजत्रेसाठी डुक्कर पोचवून ये, जाण्याआधी मावशीचा आशीर्वादही घेऊन ये. हा गेला. डुक्कर रस्त्यात सुटलं, ते पकडण्यात एक दिवस गेला. परत आला तेव्हा सिल्वेस्त्रे सारिनो नौदलात हजर होऊन गेला होता.

"तू तक्रार का केली नाहीस?"

"कोणाची करू? युद्धात चर्चची दप्तरं जळालेली, शपथेवर दाखले मिळायचे. मी तोंड उघडलं असतं तर भाऊ तुरुंगात गेला असता. आईनं माझे पाय धरले, तीता. आईनं." वयानं तो माझ्याहून फार लहान नव्हता, पण त्या क्षणी त्यानं मला 'तीता' म्हटलं. "गावात एक सिल्वेस्त्रे आणि नौदलात एक सिल्वेस्त्रे, असं चालणार नव्हतं. म्हणून मी पान्तालेओन झालो. सगळं गाव मूग गिळून बसलं. ज्याच्या-त्याच्या घरातलं कोणी ना कोणी नौदलात होतं."

पान्तालेओन झाला म्हणजे पान्तालेओनचं सगळंच अंगावर आलं. शेत आलं, आई आली, अपोलोनिया आली, तिला झालेली मुलगीही आली. याला एक मुलगी आवडायची. तिच्याशी लग्न कसं करणार? पान्तालेओनला बायको होती. जगाच्या दृष्टीनं अपोलोनिया याची बायको झाली. घरात हा तिला आजही वहिनी म्हणतो.

"भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा वहिनीनं काळा झगा बाहेर काढला," तो म्हणाला. "मग परत ठेवून दिला. नवरा जिवंत असलेल्या बाईनं सुतकाचे कपडे कसे घालायचे? नवरा म्हणून मी समोर बसलोय ना."

  मला चीड आली. त्या चीफला मी नऊ दिवस रडत रडत निरोप दिला होता.

मी विचारलं की इतकी वर्षं सहन केलंस, मग आता दगडावर पट्टी कशासाठी?

त्यानं सांगितलं की चीफ मधे एकदाच घरी आला होता, तेव्हा यानं नाव परत मागितलं. निवृत्त झालो की देतो, असं तो म्हणाला. निवृत्त झाला, दिलं नाही. मग आजारात फोन आला. फोनवर चीफ रडला. म्हणाला, जिवंतपणी धीर झाला नाही, पण दगडावर माझं खरं नाव घालायला सांगितलंय, निदान तिथं तरी तुझं तुला परत. सगळं गौदेन्सियोला समजावलंय, तो पोरांना सांगेल.

"त्या भरवशावर मी आलो," तो म्हणाला. "आलो तर दगडावर माझंच नाव. आणि नऊ संध्याकाळी तुम्ही म्हणत होतात, हे प्रभो, सिल्वेस्त्रेच्या आत्म्याला चिरशांती दे. सगळ्यांबरोबर मीही उत्तर देत होतो. दुसरं काय करणार? मी जिवंत आहे हो. मला भीती वाटते."

मला तोंड लपवायला जागा उरली नाही. ती प्रार्थना मीच सांगत होते. जिवंत माणसाला समोर बसवून मी त्याला मेलेल्यांत ढकलत होते, आणि जो खरा मेला त्याच्यासाठी चाळीस दिवसांत कोणी एक शब्द काढला नव्हता.

"शुक्रवारी खरं नाव घ्याल?" त्यानं विचारलं. "दगड राहू दे. कागद राहू देत. एकदा मोठ्यानं घ्या, बस. मग मी घरी जातो."

५

लूझला मी गुरुवारी दुपारी सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. पट्टीचं टोक, शेवया, रुपर्टच्या पोराचं नाव, शवपेटीपाशी कपाळाला लावलेला हात, सगळं. मधे एकदाही अडवलं नाही. मला वाटलं पोरगी शहाणी आहे, पचवेल.

मग ती म्हणाली, "आई त्याच दगडाखाली आहे. मागच्या बाजूला तिचं नाव आहे. सिल्वेस्त्रेची बायको म्हणून. कावितेत ती दुसरी जिवंत आहे, मग माझी आई कोण होती, तीता? सांगा ना, काय शब्द आहे त्याला?"

 शब्द होता, पण तो त्या साध्वी बाईला लावायचा नव्हता.

"मी तुम्हाला पट्टी कोणी लावली ते शोधायला सांगितलं होतं. माझा बाप खणून काढायला नव्हतं सांगितलं." तिनं टेबलावरचे चरित्राचे कागद गोळा केले. "उद्या तुम्ही सिल्वेस्त्रेच म्हणायचं. हॉल मी घेतलाय, जेवण मी करतेय, बाप माझा आहे. नाहीतर मी दुसरी कोणी बोलावते."

मी बाहेर पडले. अंगणात तो म्हातारा झारीनं शेवग्याला पाणी घालत होता. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं माझ्याकडे बघून नुसता हात वर केला, राहू द्या, अशा अर्थानं. आयुष्यभर त्याच एका खुणेवर सगळ्यांनी त्याला लुटलं होतं.

लूझनं दुसरी कोणी बोलावली नाही. बोलावणार कोणाला? बाकी सगळ्यांना प्रार्थनेपेक्षा जेवणाची घाई असते.

६

शुक्रवारी दुपारी हॉल भरला होता. पुढे चीफचा गणवेशातला मोठा फोटो, मेणबत्त्या, फुलं. उजवीकडे आमचे म्हातारे नौसैनिक ओळीनं, इस्त्रीचे पांढरे शर्ट घालून. डावीकडे बायका. रुपर्ट बायको-मुलाला घेऊन आला होता. त्याला मी आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. त्यानं फक्त विचारलं होतं, "म्हणजे माझी लाज वाटत नव्हती?" मी म्हटलं, नाही रे राजा, स्वतःची वाटत होती. तो दुकानाचं शटर ओढून आत जाऊन बसला होता.

लूझनं चरित्र वाचलं. भरतीपासून सुरू केलं. छान वाचलं. लोकांनी डोळे पुसले. म्हातारा लेओन पहिल्या रांगेच्या टोकाला हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. दुसऱ्या दिवशी त्याचं विमान होतं.

मग जपमाळ सुरू झाली. माळेची पाचही रहस्यं झाली, लितानीची आळवणी झाली, आणि ते वाक्य आलं. ते वाक्य मी आयुष्यात हजारो वेळा म्हटलंय, झोपेतही म्हणू शकते. लूझ माझ्याकडे रोखून बघत होती. तिच्या डोळ्यांत धमकी नव्हती, विनवणी होती. तेच जास्त कठीण होतं. त्या पोरीला मी पाळण्यात पाहिलेलं.

पण मी देवाशी बोलत होते. मेलेला एक आणि प्रार्थना दुसऱ्याच्या नावानं, हे लूझला चालणार होतं, आळीला चालणार होतं, मला चालेना.

"हे प्रभो," मी म्हटलं, "पान्तालेओन सारिनो याच्या आत्म्याला चिरशांती दे."

कोणी उत्तर दिलं नाही. मग पहिल्या रांगेच्या टोकावरून एक आवाज आला. घोगरा होता, पण स्वच्छ. "आणि अखंड प्रकाश त्याच्यावर उजळो." त्याच्या पाठोपाठ रुपर्टचा आला. मग चुकतमाकत बायकांचे. लूझ उठून मागच्या स्वयंपाकघरात गेली आणि तिथं मोठमोठ्यानं ताटं मांडू लागली. मी ते वाक्य रीतीप्रमाणं तीनदा म्हटलं. तिसऱ्या वेळी म्हातारा रडत नव्हता. ताठ बसला होता आणि चारचौघांकडे सरळ बघत होता. मला वाटलं, जिंकले.

आणि तेव्हा माझं लक्ष उजवीकडे गेलं.

बायका एकमेकींना ढोसत होत्या, कोण पान्तालेओन, काय झालं, फेमी चळली की काय. साहजिक होतं. पण त्या पांढऱ्या शर्टांच्या ओळीतला एकही पुरुष चमकला नव्हता. कोणी शेजाऱ्याला काही विचारलं नाही. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. त्यांना नवीन काहीच कळलं नव्हतं. सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं, आणि त्यांनी चाळीस दिवस माझ्याकडून खोटी प्रार्थना म्हणवून घेतली होती.

गौदेन्सियोनं पोरांना का सांगितलं नव्हतं, ते मला तेव्हा कळलं. चीफनं मरताना सांगितलं होतं आणि यानं गिळून टाकलं होतं. एक नाव उघडं पडलं की शेजारचं कोणीतरी तपासणार, मग त्याच्या शेजारचं. तुकडी मोठी होती.

जेवणं सुरू झाली. मी ताट न घेता त्याच्यापाशी गेले. तो भात वाढून घेत होता. त्याची बायको दोन पावलांवर उभी राहून त्याच्याकडे नवऱ्याकडे बघतात तसं बघत नव्हती, दारात आलेल्या अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघत होती.

"गौदेन्सियो," मी म्हटलं, "माझा नवराही तुमच्याच तुकडीत होता. त्याच्या दगडावर जे नाव आहे ते कोणाचं आहे?"

त्यानं चमचा खाली ठेवला. माझ्या डोळ्यांत डोळे घालून, अगदी मायेनं, क्षणाचाही विचार न करता तो म्हणाला, "त्याचंच आहे, फेमी. तुला शपथेवर सांगतो. तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस, जेवून घे."

हा माणूस चाळीस वर्षं चीफ सारिनोला सिल्वेस्त्रे म्हणून हाक मारत आला होता, आणि तेव्हाही त्याचा चेहरा असाच असायचा.